एकहाती खुर्ची

आमच्या सुनेबद्दल कोणीतरी चार ओळी लिहून ठेवायला हव्यात असं मला बरेच दिवस वाटत होतं. त्या मी लिहीन असं मात्र वाटलं नव्हतं. माझा हात हातोडीचा. दुकानाच्या पावत्यांपलीकडे मी फारसं लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं दुकान सोफे आणि खुर्च्या मढवण्याचं. दुकान म्हणजे रस्त्याला तोंड असलेली एक लांबट खोली, पुढे शटर, मागच्या अंगाला जिना आणि वर आमचं घर. जुनी खुर्ची आली की तिचं कापड फाडायचं, खिळे उपसायचे, तळाला पट्टे ताणून ठोकायचे, पट्ट्यांवर स्प्रिंगा बसवून त्या सुतळीने आडव्या-उभ्या बांधायच्या, वर काथ्या पसरायचा, त्यावर फोम, आणि सगळ्यात शेवटी नवं कापड. कापडापर्यंतचं सगळं काम मी करायचो. कापड बेतणं आणि शिवणं मात्र आमच्या दुकानात कधीच नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जायचं. मुलगा माझ्या हाताखाली तयार झाला तोही असाच, अर्ध्या खुर्चीचा कारागीर. स्प्रिंगा बांधण्यात तो माझ्या पुढे गेला. त्याने बांधलेल्या बैठकीवर तळहात ठेवून दाबलं की सगळी बैठक एकदम खाली जाते आणि एकदम वर येते, कुठे कलत नाही. पण शिवणयंत्र दिसलं की आम्ही बापलेक त्याला वळसा घालून जाणारे.

सून आमच्याकडे पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा ती प्रवासी बॅगा शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या आईची आरामखुर्ची आम्ही मढवून दिली होती आणि महिन्याभरात ती पाठीमागे उसवली. खुर्ची टेम्पोतून उतरवून ती दुकानात उभी राहिली आणि उसवलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "ही शिवण कोणी घातली?"

मुलगा म्हणाला, "शिवण आम्ही बाहेर देतो."

"मग बाहेरच राहू द्यायची होती."

मला हसू आलं, पण मी खिळे शोधण्याचं निमित्त करून खाली वाकलो. तिने तिथेच बसून दाभणाने ती शिवण नीट केली. पुढे काही ना काही कारण काढून मुलगा कापडं घेऊन त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊ लागला, आणि वर्षभरात दोघांनी लग्न केलं. येताना तिने माहेरचं काही आणलं नाही. एक जड शिवणयंत्र आणलं. ते आधी वर घरात चढवताना आणि मग दुकानात उतरवताना आमच्या जिन्याची एक पायरी गेली ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

ती आल्यापासून दुकानाचं काम एका छपराखाली आलं. तो सांगाड्याशी, ती यंत्राशी, मी दाराजवळच्या स्टुलावर जुने खिळे उपसत. गळ्यात मोजायची फीत, कानामागे खडूचा तुकडा आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्या, अशी ती दिवसभर असायची. टाचण्या तोंडात ठेवूनच गिऱ्हाइकाशी बोलायची. नवं माणूस घाबरायचं, जुनं सरावायचं. शिवण झाली की दोन्ही अंगठ्यांनी ती ओढून बघायची आणि मान हलवायची. बटणं खोल ओढून पाठीला चौकटी पाडण्याचं कामही ती बॅगांच्या कारखान्यातून नाही, स्वतःच्या डोक्याने शिकली. लोक म्हणायचे, तुमच्या मुलाने खुर्ची काय सुंदर केली. मुलगा हो म्हणायचा. तीही हो म्हणायची. आमच्या घरात कोणालाच त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. खुर्ची दुकानाची, दुकान त्याच्या नावाचं.

आणि नेमकं तेच आमच्या अंगाशी आलं.

लोक जुना सोफा फेकून नवा घ्यायला लागले होते. त्यात इमारतीच्या मालकाने ती पाडून नवी बांधायचं ठरवलं आणि आम्हाला जागा सोडायला सांगितलं. दुसरीकडे दुकान मांडावं एवढं काम हातात नव्हतं. अशात आमचं एक जुनं गिऱ्हाईक परदेशी स्थायिक झालं होतं, त्याने सोबत नेलेली आमची खुर्ची तिकडच्या एका फर्निचर कारखान्याच्या मालकाने पाहिली. ही कोणी केली म्हणून त्याने विचारलं. फोनवर बोलणं झालं. त्याला असा कारागीर हवाच होता. नोकरी द्यायला, त्यासाठी व्हिसाचे कागद करायला तो तयार झाला. बायकोलाही नवऱ्याच्या व्हिसावर नेता येणार होतं.

"दोघं जाणार असू तर जाऊ," सून म्हणाली. "एकट्याने जाऊन नंतर बोलावतो असलं मला सांगायचं नाही."

माझी सोय धाकट्या बहिणीकडे ठरली. ती एकटीच असते आणि तिला बोलायला माणूस लागतं. मला ऐकायला जमतं.

कागदांचं सगळं बघायला एक माणूस धरला होता. आम्ही त्याला व्हिसावाला म्हणायचो. पहिल्या मजल्यावर त्याचं ऑफिस, काचेच्या टेबलाखाली विमानांची चित्रं. मुलाचा अर्ज गेल्यावर एक दिवस त्याने आम्हा तिघांना बोलावलं आणि म्हणाला, "आता फक्त कामाची परीक्षा राहिली. साधी आहे. एक खुर्ची करून दाखवायची. नुसत्या सांगाड्यापासून शेवटच्या बटणापर्यंत. परीक्षकासमोर, एकट्याने."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुनेने विचारलं, "एकट्याने म्हणजे?"

"म्हणजे एकट्याने."

"मदतीला कोणी चालतं का?"

"ताई, परीक्षा आहे. लग्न नाही."

परतताना बसमध्ये मुलगा खिडकीबाहेर बघत होता आणि मला त्याच्या मानेची शीर उडताना दिसत होती. नापास झाला तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर व्हिसा दोघांचाही जाणार, आणि दुकान तर जाणारच होतं. उतरायची जागा आली तेव्हा सून म्हणाली, "शिकवते मी तुला. त्यात काय."

त्यात बरंच काही होतं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा यंत्रावर बसला आणि आमच्या दुकानाचा आवाजच बदलला. तिचं यंत्र एका लयीत चालायचं. त्याचं धावायचं, अडखळायचं, कट्ट करून थांबायचं. कट्ट झालं की समजावं, सुई गेली.

"तू कापडाला ढकलतोस," ती सांगायची. "ते आपणहून चालतं. तू नुसती वाट दाखव."

"मला तरी कुठे दिसतेय वाट."

"पायाखालचा वेग कमी कर. पाय आहे की हातोडी?"

सरळ शिवण तो कशीबशी घालू लागला. पण खुर्चीच्या कडेला जो गोट लावतात तो कोपऱ्यावर वळवताना दर वेळी त्याच्या चुण्या पडायच्या. तो उसवायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा चुण्या. एका सरावाच्या खुर्चीला त्याने इतक्यांदा उसवलं की कापडाला भोकंच राहिली. तिला हसू यायचं आधी. मग ती हसेनाशी झाली. तिचं ते न हसणं मला यंत्राच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू यायचं. जेवायला बसला की मुलगा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहायचा, कोपऱ्याशी आला की बोट थांबायचं. भाजी गार व्हायची.

"जेव ना," ती म्हणायची.

"जेवतोय."

"टेबल जेवतोयस."

इकडे हाती घेतलेली कामं पुरी करायची होती. जागा सोडण्याआधी लोकांच्या खुर्च्या त्यांना परत द्यायला नकोत का. मुलगा यंत्रावर अडकलेला, माझे हात आता थरथरतात. एक दिवस सून एक रिकामा सांगाडा ओढत माझ्या स्टुलापाशी आली आणि म्हणाली, "बाबा, पट्टे कसे ताणायचे ते सांगा. फक्त सांगा, उठू नका."

मी सांगितलं. आम्ही पट्टा पकडीत धरून अंगाच्या जोराने ओढतो. तिच्याने तेवढं ओढवेना. तिने लाकडाचा एक चपटा तुकडा घेतला, पट्टा त्याला गुंडाळला, तुकडा चौकटीला टेकवला आणि खाली दाबला. पट्टा ताणला गेला. मी बोटाने टिचकी मारली. ताणलेला पट्टा वाजला पाहिजे, तो वाजला.

"पास?" तिने विचारलं.

"पट्ट्यात पास," मी म्हणालो.

स्प्रिंगा तिला जड गेल्या. सगळ्या एका उंचीला आणायच्या आणि एकही कलू द्यायची नाही, हे हाताला कळावं लागतं, सांगून फार थोडं कळतं. पहिली बैठक तिने बांधली ती एका बाजूला अशी झुकली होती की बसणारा माणूस शेजारच्याच्या मांडीवर गेला असता. तिने ती सगळी सोडली. दुसरीही सोडली. मुलगा यंत्रावरून मध्येच मान वळवून सांगायचा, "गाठ आधी मधल्या स्प्रिंगेला. कडेची नंतर." ती तिथून ओरडून सांगायची, "कोपऱ्यावर सुई कापडातच ठेव आणि मग कापड फिरव." दोघं एकमेकांना पाठ करून एकमेकांचं काम करत होते. बाहेरून बघणाऱ्याला गंमत वाटली असती. मला धाकधूक वाटायची, कारण तिचं काम सुधारत होतं आणि त्याचं नव्हतं.

समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंची आरामखुर्ची त्यानंतर झाली. पट्ट्यांपासून बटणांपर्यंत एकट्या सुनेने केली. बाई न्यायला आल्या, तळहाताने बैठक दाबली, बसून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलाचा हात काही औरच."

सुनेच्या तोंडात टाचण्या होत्या. मागे यंत्र चालू होतं ते थांबलं. कट्ट झालं नव्हतं, नुसतं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

आता हे कोणीतरी बोलायला हवं होतं आणि ते मीच बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. पण घरातल्या कोणाला काही सुनावायचं म्हटलं की मी खिळे शोधायला लागतो. हे असंच आहे पहिल्यापासून. मी बहिणीला फोन करून आधी तिच्याशी बोलून पाहिलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मला काय सांगतोस? त्याला सांग."

परीक्षा जवळ आली होती. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही दुकानातच जेवायला बसलो होतो. मी पाण्याचा पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणालो, "बाईंची खुर्ची हिने एकटीने केली."

"माहीत आहे," मुलगा म्हणाला.

"नाही, मला वाटलं तुझ्या लक्षात आलं नसेल."

"बाबा, मी त्याच खोलीत होतो."

सूनबाईने आमच्या दोघांकडे पाहिलं. "काय चाललंय बापलेकाचं?"

"परीक्षेला तू बस," मुलगा तिला म्हणाला.

"वेड लागलंय का? अर्ज तुझा, नोकरी तुझी. परीक्षेला मी बसू?"

"अर्ज बदलू. मला नाही जमत. तिघांनाही दिसतंय. तू आताशा मला चूक दाखवत नाहीस, त्याने मला जास्त लागतं."

ती हळूच म्हणाली, "आणि तू काय, माझ्या मागून येणार?"

"तू येणारच होतीस ना माझ्या मागून? तेव्हा मी विचारलं होतं का?"

तिने ताट बाजूला सारलं, उठली आणि यंत्रावर पडलेलं त्याचं अर्धवट कापड घडी करून ठेवलं. घडी करताना त्या चुणीवरून तिचा अंगठा एकदा फिरला.

व्हिसावाल्याने कपाळाला हात लावला. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तिकडच्या मालकाने नव्याने नोकरी दिली पाहिजे. त्याने नाही म्हटलं तर? आणि त्याने माणूस मागितलाय."

"मग मी कोण आहे?" सून म्हणाली.

तो कागद चाळू लागला.

मालकाशी बोलणं आमच्याच दुकानातून झालं, फोन खोक्यांवर टेकवून. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं. सून तुटकं बोलत होती, मुलगा मध्ये मध्ये भर घालत होता. नंतर त्याने मला सांगितलं की त्याने खरं ते सांगितलं. तुम्ही पाहिलेल्या खुर्चीचं कापड आणि बटणं हिची, आतलं माझं. आता ही दोन्ही करते, मला एकच येतं. एवढं बोलून झाल्यावर पडद्यावरचा मालक हलेना. तो विचार करतोय की नेट अडकलंय हे कळायला मार्ग नव्हता. मुलाने खोक्याची कड धरून ठेवली होती. सुनेने वाट पाहिली नाही. एक तयार खुर्ची उचलली, उलटी केली आणि तिचा तळ फोनसमोर धरला. पट्ट्यावर टिचकी मारली. आवाज तिकडे गेला असावा, कारण मालक हलला. तो म्हणाला, हिला परीक्षा देऊ दे. पास झाली तर कागद हिच्या नावाने करतो. नाही झाली तर मला दुसरा कोणी बघावा लागेल.

म्हणजे सगळं टांगलेलं त्याच दोरीला, फक्त दोरी आता तिच्या हातात.

परीक्षा एका औद्योगिक शाळेच्या कार्यशाळेत होती. आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला जाळीची धुरकट काच, आतलं काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. आधी हातोडी. मग टिचकी.

"वाजला?" मुलाने विचारलं. त्याच्या कानांवर त्याचाच विश्वास नव्हता.

"वाजला," मी म्हणालो.

मग बराच वेळ काही नाही. स्प्रिंगा बांधताना आवाज होत नाही. मुलगा तिच्या पिशवीचा बंद घेऊन त्याला गाठी मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता. मी मनात म्हणत होतो, आधी मधली, कडेची नंतर. पुढे कापड फाडल्याचा, कात्रीचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. उलट पुन्हा हातोडी ऐकू आली, आणि खिळे उपसल्याचा किरकिराट. तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, तो चुकूच शकत नाही. त्या टप्प्याला खिळे उपसायचं काही कारण नसतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. परीक्षक पाणी प्यायला बाहेर आला, आमच्याकडे न बघता परत गेला. मग एकदाचं यंत्र सुरू झालं. तिच्या लयीत, पण तिच्या नेहमीपेक्षा घाईने. ते थांबलं आणि थोड्याच वेळात आतून घंटा झाली.

ती बाहेर आली तेव्हा अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

"काय झालं?" मुलगा उभा राहिला.

"एक स्प्रिंग कलली होती. काथ्या, फोम टाकून झाल्यावर हाताला लागली."

"मग?"

"सगळं काढलं. परत बांधलं."

"आणि वेळ?"

"बटणांची शेवटची ओळ राहिली." ती बाकावर बसली. "परीक्षकाने विचारलं, हे तर झाकून गेलं असतं, मग कशाला काढलंत? मी म्हटलं, बटणं उद्याही लावता येतील. आतलं नाही लावता येत."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. लिहीत होता."

तिच्या अंगठ्यावरची चिंधी मुलाने सोडली आणि नीट बांधली, गाठ मात्र स्प्रिंगेची मारली. ती म्हणाली, "आता ही सुटायची कशी?"

निकालाची वाट बघण्यात दुकान रिकामं झालं. फळ्या गेल्या, फोमचे ठोकळे गेले, इमारतीच्या मालकाची माणसं भिंती मोजून गेली. यंत्राला गिऱ्हाईक आलं होतं, पण सुनेने त्याला थांबायला सांगितलं. रोज फोन वाजला की तिघंही त्याच्याकडे बघायचो आणि कोणीच आधी उचलायचं नाही. शेवटी व्हिसावाल्याचा आलाच. सून पास झाली होती. शेऱ्यात लिहिलं होतं म्हणे, काम अपुरं पण भरवशाचं. सुनेला "अपुरं" तेवढं लागलं. ते ती अजून बोलून दाखवते.

व्हिसाच्या खिडकीपाशी मुलाला विचारलं, नोकरी कोणाची? तो म्हणाला, "हिची. मी सोबत." घरी येऊन त्याने हे हसत सांगितलं. पण बॅग भरताना तिला म्हणाला, "तिकडे मी करणार काय, हे कोणी विचारलंच नाही."

"मला विचार ना," ती म्हणाली. "स्प्रिंगा कोण बांधणार? मला त्यांचा कंटाळा येतो." जरा थांबून तिने विचारलं, "मालकाने नाही ठेवलं तुला, तर?"

"तर घरी बसून गोट शिकेन."

दोघंही हसले, पण लगेच थांबले. तिकडे काय होईल ते दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

ते गेले त्याला आता काही आठवडे झाले. फोनवर सून सांगते, काम चांगलं आहे. मुलगा सांगतो, बघू. त्या "बघू"वर मी दिवसभर विचार करतो. मालकाने त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

जाण्याआधी सुनेला ती सरावाची खुर्ची उसवून मला नीट शिवून द्यायची होती. मी म्हटलं, राहू दे. बहिणीच्या घरी खिडकीपाशी ती ठेवली आहे. बैठक मुलाने बांधलेली, कुठे कलत नाही. कापडही त्याचंच, एका कोपऱ्यावर गोटाला चुण्या आणि बाजूने भोकं. बहिणीने पहिल्याच दिवशी त्यावरून बोट फिरवलं.

"ही शिवण कोणी घातली रे?"

"मुलाने."

"बाहेर द्यायची होती," ती म्हणाली, आणि जाऊन त्यात बसली. तेव्हापासून दुपारची ती खुर्ची तिची. मी स्टुलावर बसतो. तिथून फोन जवळ पडतो.